आवाजाच्या बाजूला बसणारे सर

हिवराळे सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक टाळी वाजवायचे. एकच, पण कडक. मग वर्ग असो, प्राचार्यांची केबिन असो, नाहीतर कुणाच्या लग्नाचा हॉल. टाळी वाजवायची, मान जराशी तिरकी करून ऐकायचं आणि खोलीला मनातल्या मनात पास किंवा नापास करून मगच आत पाऊल टाकायचं. नव्या माणसाला वाटायचं, हे आपल्यालाच बोलावतायत. आमच्या कॉलेजचा एक नवा शिपाई म्हणे पहिले काही दिवस सरांची टाळी ऐकली की पाण्याचा ग्लास घेऊन धावत यायचा. सर पाणी पिऊन टाकायचे. आणलंय बिचाऱ्यानं, परत कशाला पाठवायचं, असा त्यांचा हिशेब.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी आणि नंतर त्यांच्याच विभागात शिकवायला लागलेली. मी रोज फुलंब्रीहून एसटीनं यायचे, म्हणून त्यांनी माझं नावच फुलंब्री ठेवलं होतं. "काय फुलंब्री, बस मिळाली का?" हा रोजचा पहिला प्रश्न. मी मिळाले म्हणजे बस मिळालीच असणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण माणसाशी बोलायला सुरुवात कुठूनतरी करावी लागते, आणि माझ्याबाबतीत त्यांनी ती बसपासून करायचं ठरवलं होतं.

सरांना जाऊन आता एक उन्हाळा उलटून गेला. परवा विभागात नवी मांडणी निघाली आणि प्रयोगशाळेतला तो लांबलचक पत्र्याचा डक्ट भंगारात काढू का, असं मला कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, हात लावून तर बघा. विचारणारा चार पावलं मागे सरकला. मला एवढा राग येऊ शकतो हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. त्या रागाच्या भरातच हे लिहायला बसले आहे.

डक्ट म्हणजे हवा वाहून नेणारी पत्र्याची चौकोनी नळी. दवाखान्यात, मॉलमध्ये, सिनेमागृहात छताला टांगलेली असते. ती थंड हवा आणते आणि हवेबरोबर पंख्याची घरघरही आणते. आपल्याला त्या घरघरीची सवय होऊन जाते. सरांना कधी झाली नाही. प्रयोगशाळेतला डक्ट त्यांनी शहागंजच्या सलीमभाईंकडून करून घेतला होता. सलीमभाई कूलरच्या टाक्या आणि कोठ्या बनवणारे. माप ऐकून ते म्हणाले, "सर, इत्ता लंबा? घर बांधरे क्या इसमें?" सर म्हणाले, "घर नक्को सलीमभाई, आवाज ठेवायचाय." सलीमभाईंनी सरांकडं नीट पाहून घेतलं आणि माप परत एकदा विचारलं. पुढं दोघांची अशी दोस्ती जमली की नान-कलिया खायला सर फक्त सलीमभाईंबरोबरच जायचे. आम्हाला कधी नेलं नाही. पोरं त्या डक्टला अजगर म्हणायची.

अजगराच्या एका टोकाला पंखा होता. त्याच्याजवळ एक माईक. त्याचं नाव सरांनी खबऱ्या ठेवलं होतं, कारण आवाज येतोय ही खबर सगळ्यात आधी त्याला लागायची. पुढं एक स्पीकर, तो उत्तर देणारा. आणि डक्टच्या तोंडाशी दुसरा माईक, त्याचं नाव तक्रारखोर. त्याचं काम एकच, अजून किती आवाज शिल्लक आहे त्याची कुरकुर करत राहायची. मध्ये एक छोटं संगणकाचं कार्ड. खबऱ्यानं सांगायचं, कार्डानं उत्तर तयार करायचं, स्पीकरनं ते द्यायचं, आणि तक्रारखोराचं तोंड बंद होईपर्यंत कार्डानं शिकत राहायचं. पुस्तकात याची जी नावं आहेत ती आम्ही परीक्षेत लिहिली. पण कळलं ते खबऱ्या आणि तक्रारखोर यांच्यामुळं.

"उलटा, बरोबरीचा, वेळेवर," हे सरांचं पालुपद. येणाऱ्या आवाजाला त्याच्याच जोडीचा पण उलटा आवाज भेटला तर दोघं मिळून गप्प होतात. उत्तर उलटं पाहिजे, बरोबरीचं पाहिजे आणि वेळेवर पाहिजे. तिन्हीतलं एक जरी चुकलं तरी होता तो आवाज वाढायचा. हे पालुपद त्यांनी जगातल्या सगळ्या भानगडींना लावून ठेवलं होतं. विभागातले एक प्राध्यापक घरचं भांडण फार रंगवून सांगायचे. सर शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचं उत्तर उलटं आहे, बरोबरीचंही आहे. पण तुम्ही ते दुसऱ्या दिवशी देता."

हजेरीच्या वेळी ते वर्गातले पंखे बंद करायचे. एप्रिलातसुद्धा. आम्ही घामानं निथळत "हजर सर" म्हणायचो. "जरा गाळा घाम, एकमेकांची नावं तरी ऐका," असं म्हणायचे. क्रांती चौकात मागून कुणी हॉर्नवर बोट दाबून बसला की स्कूटर थांबवून मागं वळायचे, त्या माणसाकडं दयेनं बघायचे आणि मला सांगायचे, "याला घाई नाही फुलंब्री, याला खाज आहे." मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसलेली.

मी पहिल्यांदा अजगराच्या तोंडाशी डोकं नेलं तो दिवस मला लख्ख आठवतो. पंखा चालू होता. छातीत बसणारी जाड घरघर होती. सरांनी बटण दाबलं. घरघर आधी डळमळली, मग कुणीतरी हातानं उचलून बाजूला ठेवावी तशी निघून गेली. हवा तशीच चेहऱ्यावर येत होती. तिचा बारीक सू-सू आवाज तेवढा उरला होता, कारण या विद्येचा जोर जाड आवाजावरच चालतो, बारीक आवाजावर नाही. आणि त्या उरलेल्या जागेत मला शेजारच्या मैत्रिणीच्या बांगड्या ऐकू आल्या. मला एकदम रडू फुटलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. सरांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि दुसऱ्या पोराला पुढं बोलावलं.

"सर, मग आवाज जातो कुठं?" कुणीतरी विचारलंच. हा प्रश्न दर वर्षी यायचा आणि सर त्याची वाट बघत असायचे.

"मरत नाही तो. पुढची वाट अडली की मागं फिरतो, पंख्याकडं. इकडच्या बाजूला शांत झालं, म्हणजे तिकडच्या बाजूला जो बसलाय त्याला जरा जास्तच."

सरांच्या या विद्येची बातमी गल्लीत पोचल्यावर लोक काय काय कामं घेऊन यायला लागले. लग्नातल्या डीजेचं काही होईल का? पलीकडच्या गिरणीचं? एक शेजारी तर सासूबाईंचं विचारून गेले. सर गंभीरपणे म्हणाले, "डक्टमध्ये बसत असतील तर बघू." त्यांचं म्हणणं खरंच होतं. मोकळ्या मैदानात ही युक्ती चालत नाही. आवाजाला एकच वाट असावी लागते, तेव्हाच त्याच्या समोर जाऊन उभं राहता येतं.

आता बाईंबद्दल सांगते. बाई म्हणजे सरांच्या पत्नी. कन्नडकडच्या एका खेड्यातल्या, आणि इथं उस्मानपुऱ्यात प्राथमिक शाळेत आयुष्य काढलेल्या. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखाली मुळाक्षरं शिकली, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. सरसुद्धा बाई म्हणत आणि बाई त्यांना सर म्हणत. दोन मास्तरांचा संसार. घरात गेलं की स्टाफरूममध्ये गेल्यासारखं वाटायचं, फक्त चहा चांगला मिळायचा.

गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. तिथं रविवारी सकाळी वंदना व्हायची आणि मग ग्रंथवाचन. किती वर्षं कोण जाणे, वंदना बाईच सुरू करायच्या आणि ग्रंथही त्याच वाचायच्या. मी काही त्या समाजातली नाही, आमच्याकडं मेंढरं आणि बिरोबा. पण रविवारी सरांकडं काम असलं की मीही मागं जाऊन बसायचे. बाईंचं वाचन ऐकणं हा एक आनंद होता. अवघड वाक्य आलं की थांबायच्या, चष्म्यावरून बघायच्या, आणि ते वाक्य पुन्हा अशा तऱ्हेनं वाचायच्या की त्याचा अर्थ आपोआप उलगडायचा.

मग बाईंचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू. कानात घालायचं मशीन आलं. बाई म्हणायच्या, "आवो, हे कानात घातलं की अख्खा उस्मानपुरा कानात येतोय. समोरचा माणूस तेवढा येत नाय." सर घरात मोठ्यानं बोलायला लागले. ज्या माणसानं जन्मभर आवाज कमी करायचा अभ्यास केला, त्याचं "चहा झाला का" गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जायला लागलं. सरांना याचं फार वाईट वाटायचं. एकदा मला म्हणाले, "ओरडून बोललं की गोड बोललेलंसुद्धा भांडणच वाटतं गं."

तशात विहारात कूलर आला. आदल्या उन्हाळ्यात एक आजी वंदनेच्या वेळी चक्कर येऊन पडली होती. त्यामुळं विहार समितीचे अध्यक्ष लोखंडे मामा यांनी गच्चीवर एक भला मोठा कूलर बसवून घेतला आणि त्याचा डक्ट छतातून हॉलमध्ये उतरवला. मामा एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले. काम एकदम मजबूत. गारवाही मजबूत आणि घरघरही मजबूत. आम्हाला त्या घरघरीतून बोलणं कळायचं. बाईंच्या कानातल्या मशीनला मात्र सगळं सारखंच, ते घरघरच मोठी करून कानात ओतायचं.

एका रविवारी बाई वंदनेत सगळ्यांच्या पुढं निघून गेल्या. मग मागं पडल्या. शेवटी सगळ्यांची वंदना संपली आणि बाई एकट्याच म्हणत राहिल्या, हात जोडून, डोळे मिटून. सगळे तसेच हात जोडून थांबले. बाईंनी डोळे उघडले आणि त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या रविवारी त्यांचा गुडघा दुखायला लागला. त्याच्या पुढच्या रविवारीही दुखला. मग कुणी विचारायचं बंद केलं. वंदना लोखंडे मामा सुरू करायला लागले, आणि ग्रंथ ज्याला सवड असेल तो वाचू लागला.

मामा स्वतः घरी आले होते. "बाई, तुमच्यासाठी कूलर बंद ठिवू की. त्यात काय एवढं!"

बाई म्हणाल्या, "माझ्यापायी लेकरं अन् म्हाताऱ्या उकडून काढायच्या व्हय मामा? नाय जमायचं."

त्या दिवसापासून बाईंचं बाहेर निघणंच कमी झालं. भाजीला सर, दुकानात सर. बायका ओट्यावर जमायच्या, बाई आत. सरांना भीती वाटत होती ती याची. कान गेले त्याचं त्यांना इतकं नव्हतं. बाई माणसांतून एकेक करून कमी होत चालल्या होत्या, आणि ते त्यांना रोज समोर दिसत होतं.

आधी त्यांनी डक्टला आतून फोम लावून पाहिला. कूलरची हवा ओली. आठवडाभरात फोम भिजला आणि हॉलमध्ये ओल्या गोधडीचा वास सुटला. मग सर एक दिवस मला म्हणाले, "फुलंब्री, अजगराचं पिल्लू विहारात न्यावं लागतंय."

आम्ही कामाला लागलो. सलीमभाईंनी डक्टला खिडक्या पाडून दिल्या. स्पीकरला ओल लागू नये म्हणून पातळ प्लास्टिक ताणून बसवलं. माईकवर वारा आदळतो आणि खबऱ्या भलतंच ऐकतो, म्हणून त्याला लोकरीचं आवरण हवं होतं. सरांनी बाईंना सांगितलं, दोन टोप्या विणून द्या.

"कोणाला?" बाईंनी विचारलं.

"खबऱ्याला. अन् एक तक्रारखोराला."

"थंडी वाजती का त्यांला?"

"वारा लागतो."

बाईंनी नातवाच्या स्वेटरातली उरलेली पोपटी लोकर काढली आणि दोन इवल्याशा टोप्या विणल्या. गोंड्यासकट. गोंड्याची गरज नव्हती, पण सरांनी तो काढू दिला नाही.

रोज संध्याकाळी रिकाम्या हॉलमध्ये आम्ही ते चालवून बघायचो. कार्ड मन लावून शिकायचं. घरघर निम्मी व्हायची, मग निम्म्याची निम्मी, मग फक्त सू-सू. शेवटी सरांनी हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली, मान तिरकी केली आणि हॉलला पास केलं. घरी जाऊन बाईंना म्हणाले, "या रविवारी चला. मी सांगतो म्हणून चला." बाईंनी पांढरी साडी काढली.

त्या रविवारी हॉल भरला होता. बाई आलेल्या बघून बायकांनी त्यांना पुढं जागा करून दिली. कूलर चालू, घरघर नाही, लोक वर छताकडं बघतायत. लोखंडे मामांनी हात जोडले, वंदना सुरू झाली, आणि सगळ्या पुरुषांचा तो एकसुरी जाड आवाज हॉलभर पसरला. क्षणभर सगळं ठीक होतं. मग डक्टमधून एक आवाज आला. आधी हुंकार दिल्यासारखा, मग वाढत वाढत चक्क अडलेल्या म्हशीनं हंबरावं तसा. पत्रा थरथरायला लागला. पोरं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "आरं, मशीन पण वंदना म्हणाया लागलं!" आणि बाई, कानातलं मशीन ओरबाडून काढत, दोन्ही हातांनी कान दाबत उठल्या. त्यांच्या कानात तो आवाज किती मोठा झाला असेल याची मला आजही कल्पना करवत नाही. त्या कुणाकडंही न बघता बाहेर पडल्या.

मी वायर उपटली. सर गच्चीच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं, आता कार्डाला नाहीतर मला शिव्या बसणार. पण ते म्हणाले,

"मी वंदनेला आवाज धरलंच नाही, फुलंब्री."

चूक खरंच तेवढीच होती. हॉलमधला आवाजही डक्टच्या तोंडातून उलटा वर चढतो. पुरुषांचा जाड सूर खबऱ्यापर्यंत पोचला, खबऱ्यानं इमानानं खबर दिली, कार्ड वंदनेला उत्तर शोधायला निघालं, आणि आपलंच उत्तर परत ऐकून ऐकून पार बिथरलं. कुणा परक्या माणसानं हे यंत्र बसवलं असतं तर त्यानं पहिल्यांदा विचारलं असतं, या हॉलमध्ये लोक करतात काय? सर आईच्या मांडीवर असल्यापासून वंदना ऐकत आलेले. ती त्यांच्यासाठी आवाजांच्या यादीत कधी आलीच नव्हती. आम्ही आठवडाभर त्या हॉलची परीक्षा घेतली, पण एकदाही कुणाला वंदना म्हणायला लावली नाही.

बाईंनी कानातलं मशीन डबीत घालून कपाटात मागं ठेवून दिलं. सरांना एवढंच म्हणाल्या, "माझ्या एकटीसाठी सगळ्यांची वंदना मोडली. पुन्हा मला तिथं बोलवू नका." सरांनी वाद घातला नाही. मशीनच नाही म्हटल्यावर ओरडूनही उपयोग नव्हता. त्या घरात मी आठवडाभर जाऊन येत होते. दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचे आणि कप ठेवल्याचा आवाज तेवढा यायचा. इतकी नको असलेली शांतता मी कुठं पाहिली नाही.

उपाय तसा अवघड नव्हता. वंदनेपुरतं कार्डाचं शिकणं थांबवायचं. शिकलंय तेवढं करत राहायचं, नवं काही शिकायचं नाही. वंदना संपली की पुन्हा शिकायला लावायचं. पण कार्ड गच्चीवर कूलरजवळ, आणि तिथं उभं राहिलं की खालचं काही ऐकू येत नाही. म्हणून सरांनी हॉलमध्ये पुढच्या बैठकीजवळ एक बटण बसवलं आणि गच्चीवर एक बल्ब. वंदना सुरू करायच्या आधी खालून बटण दाबायचं, बल्ब लागला की वरच्यानं शिकणं थांबवायचं. मध्येच बिथरलं तर वायर उपटायला तसाही वर माणूस हवाच होता, म्हणून बटण थेट कार्डाला जोडायच्या भानगडीत पडलो नाही.

लोखंडे मामा म्हणाले, "एवढंच ना? मी दाबतो की."

"नाय मामा. वंदना कधी सुरू व्हणार हे जो सुरू करतो त्यालाच ठावं."

"मग सध्या मीच तर सुरू करतोय, सर."

सर नुसते मामांकडं बघत राहिले. मामांनी जरा वेळ विचार केला आणि आपला वर्कशॉपात घडलेला, दगडासारखा स्थिर हात पुढं धरून स्वतःच तो हलवून दाखवला. "बरं आठवण केली. माझा हात तसाबी लई थरथरतोय आजकाल."

पुढचं सरांनी मला रंगवून सांगितलं. त्यांनी कपाटातून डबी काढली, बाईंच्या हातात दिली आणि त्यांनी मशीन घातल्यावर म्हणाले, एक बटण दाबायचं काम आहे.

"बटण दाबाया मीच घावले का?"

"चुकलं तर पुन्हा हंबरंल. मामांचा हात थरथरतो."

"कवापासून?"

"कालपासून."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकलेली बाई ती. तिला काय कळायचं राहतंय? पण त्या म्हणाल्या, "मग शिकवा. कुठं दाबायचं?"

मी नंतर सरांना विचारलं होतं की, सर, बटण कशाला, खाली अजून एक माईक लावला असता तर कार्डाला आपोआप कळलं असतं. सर म्हणाले, "लावता आला असता." आणि विषय संपला.

त्या रविवारी मी वर-खाली पळत होते. बाई पुढं बसल्या, बटण दाबलं, वर बल्ब लागला, सरांनी शिकणं थांबवलं. डक्ट गप्प राहिला. खाली बाईंनी वंदना सुरू केली. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. बाई पुढं गेल्या नाहीत, मागं राहिल्या नाहीत. सगळ्यांबरोबर सुरू झाल्या आणि सगळ्यांबरोबर थांबल्या. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. मी धावत वर गेले आणि ओरडून म्हटलं, "सर, जमलं!" त्यांनी हातानंच मला गप्प केलं. त्यांचं लक्ष कार्डावर होतं.

मग मे महिनाभर प्रत्येक रविवारी सर गच्चीवर. डोक्यावर ओला गमछा, कानात कापूस, सावलीला दोरीवर टाकलेली चादर. खाली अडवलेला आवाज जिथं मागं फिरून येतो, नेमके तिथं बसलेले. मी कितीदा म्हटलं, मी बसते. नाही म्हणायचे. "तू खाली ऐक, अन् मला येऊन सांग." मी जाऊन ऐकायचे आणि येऊन सांगायचे. आज काय वाचलं, कुठं थांबल्या, कुणी काय विचारलं, बाईंनी काय सांगितलं. सर बारीकसारीक विचारायचे. हसल्या का? घसा बसला होता का? ते वाक्य दुसऱ्यांदा वाचलं का? बाईंचं वाचन पुन्हा सुरू व्हावं म्हणून ज्यानं एवढं केलं, त्यालाच ते माझ्यासारखीच्या तोंडून ऐकावं लागत होतं. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यावर इतकी मायाही यायची की काय करावं सुचायचं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी बाईच जिना चढून गच्चीवर आल्या. गुडघा धरत, धापा टाकत. कूलरच्या घरघरीत त्यांना काही ऐकू येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी उत्तराची वाटच बघितली नाही. "आज वर फुलंब्री बसंल. तुम्ही खाली." आणि वळून उतरायलाही लागल्या. सरांनी माझ्याकडं बघितलं. कानातला कापूस काढला, नळाखाली तोंड धुतलं, बोटांनी केस सारखे केले. मला तीनतीनदा सांगितलं की बल्बवरून नजर हलवू नकोस. मग गेले.

बल्ब लागला, मी शिकणं थांबवलं. विझला, पुन्हा सुरू केलं. त्यानंतर थोडा वेळ कार्डाकडं पाहिलं नाही तरी चालतं, सर मात्र तेवढाही वेळ हलायचे नाहीत. मी उतरून जिन्याच्या दारात उभी राहिले.

सर पुरुषांच्या अगदी शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले होते. कूलर जोरात चालला होता. बाई वाचत होत्या. एका लांब वाक्यानंतर त्यांनी पान उलटलं आणि थांबल्या. चष्म्यावरून थेट शेवटच्या रांगेकडं पाहिलं.

"सर, मागं ऐकू येतंय का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. सर गोंधळले. वर्गात अचानक उभं केलेल्या पोरासारखे इकडंतिकडं बघायला लागले.

"येतंय," ते म्हणाले.

समोरच्या माणसाशी बोलावं तेवढ्याच आवाजात. मी त्यांच्या जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. मला वाटलं, आता बाईंचा हात कानामागं जाणार, आता त्या "काय?" म्हणणार, आणि सरांना या भरल्या हॉलमध्ये ओरडून सांगावं लागणार.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचायला लागल्या. सर चष्मा काढून शर्टाच्या टोकानं कितीतरी वेळ पुसत बसले.